घरी वापरायची एसीआर पट्टी: डबीवर 'क्रिएटिनिन' लिहिलंय का, ते आधी बघा

मधुमेहात किडनीला इजा सुरू होते तेव्हा ना सूज येते, ना दुखतं. रक्तातलं क्रिएटिनिनही (स्नायूंतून येणारा, किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) बराच काळ ठीक दिसतं. पहिली खूण बहुतेकदा लघवीत सापडते: अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन पाझरायला लागतं. ते पकडणाऱ्या पट्ट्या घेणार असाल, तर दोन चौकोनांच्याच घ्या, एक अल्ब्युमिनचा आणि एक क्रिएटिनिनचा. या दोहोंचं गुणोत्तर म्हणजेच एसीआर.

भरपूर पाणी प्यायलं की लघवी पातळ होते आणि अल्ब्युमिनही विरळ होतं; पण क्रिएटिनिनही तितकंच विरळ होतं, म्हणून गुणोत्तर बघायचं. समजा, लिटरला ३० मिलिग्रॅम अल्ब्युमिन आलं. क्रिएटिनिन २ ग्रॅम असेल तर गुणोत्तर १५ (ग्रॅमला मिलिग्रॅम), ३० च्या आत म्हणजे नॉर्मल. तेच अर्धा ग्रॅम असेल तर ६०, म्हणजे वाढलेलं. एका चौकोनाच्या पट्टीला हा फरक कळत नाही. प्रोटीनची नेहमीची पट्टी तर या कामाची नाहीच. ३० ते ३०० चा टप्पा तिच्या हातून बरेचदा निसटतो, आणि आजार लवकर पकडायचा तो नेमका याच टप्प्यात.

सकाळची पहिली लघवी घ्या. पट्टी बुडवून काढली की कड भांड्याच्या काठाला टेकवून जादा थेंब निथळू द्या, नाहीतर एका चौकोनाचा रंग दुसऱ्यात उतरतो. रंग सांगितलेल्या सेकंदालाच, चांगल्या उजेडात जुळवा. डबीचं झाकण उघडं राहिलं तर दमट हवेने पट्ट्या बाद होतात. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम असेल तर चाचणी पुढे ढकला.

रंगावरून मिळतो तो अंदाजच. ३० च्या वर आलं तर लॅबमधून एसीआर करून घ्या. ३ ते ६ महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले असले तरच निदान पक्कं. मग साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्यासोबत डॉक्टर बहुधा एसीई इनहिबिटर किंवा एआरबी (ही रक्तदाबाची औषधं) आणि एसजीएलटी-२ गटातलं (साखरेचं) औषध सुचवतात. पहिल्या दोन गटांतलं औषध सुरू केलं की २ ते ४ आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा औषध थांबवावं लागत नाही. घाबरून स्वतःहून तर मुळीच बंद करू नका. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र परस्पर घेऊ नका.

पट्टी स्वच्छ आली तरी रक्तावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज) वर्षातून एकदा हवाच, कारण काहींची किडनी अल्ब्युमिन न गळताही मंदावते. टाइप २ मध्ये या दोन्ही तपासण्या निदानापासूनच सुरू करायच्या, टाइप १ मध्ये पाच वर्षांनी.