डेबियनवर काही महिने: सगळं ठीक, फक्त झाकण उघडलं की वायफाय गायब

ज्यांना नुसता निकाल हवा आहे त्यांच्यासाठी: 2017 चा लॅपटॉप, सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, मागाहून टाकलेली एसएसडी. त्यावर डेबियन (विंडोजऐवजी चालणारी, लिनक्सवरची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, चाललं. पुढचा मजकूर मुख्यतः वायफायबद्दल आहे.

विंडोज सोडायचं कारण माहीतच आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे अपडेट थांबणार होते, आणि विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. माझा एका जनरेशनने हुकला. नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानदाराने मशीन उघडूनही पाहिली नाही. ‘‘हा आता गेला समजा. नवा घ्या, पन्नासच्या आत बसवून देतो.’’ पन्नास म्हणजे पन्नास हजार. चांगली धडधाकट मशीन आहे आणि हा माणूस तिचं तेरावं घालून राहिला! मिहानमध्ये, म्हणजे इथल्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरीला असलेला भाचा मार्चमध्ये एका रविवारी आला आणि त्याने डेबियन 12 टाकून दिलं. मजुरी म्हणून तर्री पोहे.

पहिले काही आठवडे तक्रारीला जागाच नव्हती. प्रिंटर आपोआप सापडला, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधूनच मिळाला, बायकोच्या दहावीच्या ट्यूशनच्या फाइली लिब्रे ऑफिसात उघडल्या. बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट हे सगळं ब्राउझरमध्येच असतं, त्याला खाली काय आहे याच्याशी देणंघेणं नाही.

मग उन्हाळा लागला. नागपुरात एप्रिलपासून लाईनचा भरवसा नसतो. लाईन गेली की मी झाकण बंद करतो, कारण बॅटरी आता अर्ध्या तासाचीच उरली आहे. लाईन आली, राउटर सुरू झाला, झाकण उघडलं, तर वायफाय नाही. म्हणजे कनेक्ट होत नाही असं नव्हे. आसपासची एकही नेटवर्क यादीत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये कुठेही उभं राहिलं तरी शेजाऱ्यांची पाच-सहा नावं दिसतात, इथे मात्र शुकशुकाट. रिस्टार्ट केलं की सगळं परत. बायकोचा ऑनलाइन क्लास मध्येच तुटायचा आणि आतून आवाज यायचा, ‘‘अहो, तुमचं ते फुकटचं पुन्हा बसलं!’’ नवतप्यात, कूलर गरम हवा फेकत असताना, रिस्टार्टचं ते एक मिनिट किती लांब असतं ते नागपूरकरांना सांगायला नको.

भाच्याने फोनवरच निदान केलं. वायफायच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, झोपेतून नीट उठत नाही. हा दोष नव्या कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) दुरुस्त झालेला आहे, पण डेबियन 12 चं कर्नल 6.1 आहे आणि ती दुरुस्ती त्यात आलेली नाही. इथे माझं डोकं सटकलं. औषध तयार आहे, दुकानात आहे, आणि हे लोक देत नाहीत? चार ओळींचा बदल असेल, तेवढा उचलून जुन्यात टाकायला काय जातं? ‘‘मामा, काहून एवढे तापून राहिले?’’ म्हणत त्याने मला डिसेंबर 2023 चा किस्सा वाचायला पाठवला.

डेबियन 12 चं पुढचं अपडेट, 12.3, बाहेर पडायच्या बेतात होतं. तेवढ्यात कळलं की त्यातल्या 6.1.64 कर्नलमुळे ईएक्सटी 4 फाइलसिस्टिमवरचा (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत) डेटा बिघडू शकतो. नव्या कर्नलमधला एक बदल उचलून जुन्यात आणला होता, पण तो ज्या दुसऱ्या बदलाच्या आधारावर उभा होता तो सोबत आला नव्हता. 12.3 च्या इमेज (इन्स्टॉल करायच्या फाइली) रोखल्या आणि 10 डिसेंबरला दुरुस्त कर्नल घालून थेट 12.4 काढलं. म्हणजे मी जे मागत होतो, तेवढंच उचलून टाका, नेमकं तेच तिथे घडलं होतं.

आणि दोष दिसला तरी न थांबता अपडेट सोडणाऱ्यांचं काय होतं तेही मग आठवलं. 2 ऑक्टोबर 2018 ला आलेल्या विंडोज 10 च्या 1809 अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच पुसल्या होत्या. चाचणी करणाऱ्यांपैकी काहींनी आधीच तशी तक्रार नोंदवलेली होती, पण तिला मतं कमी पडली म्हणून ती खाली दबली. काही दिवसांतच अपडेट थांबवावं लागलं, ते परत यायला 13 नोव्हेंबर उजाडला. फाइली पुसणाऱ्या दोषाला कोणी मतं मोजून रांगेत उभं करतं का? माझं वायफाय गेलं तर मी चिडतो. पोरीचे लहानपणचे फोटो गेले असते तर?

तरी राग पूर्ण गेला नाही, हेही लिहून ठेवतो. बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनवर नवी सॉफ्टवेअरं देणारी वेगळी सोय) नवं कर्नल घेता येत होतं, पण स्थिर म्हणून निवडलेल्या घराला नवीन पाया कशाला, म्हणून मी ते टाळलं. भाच्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली: मशीन झोपताना ड्रायव्हर काढायचा, उठताना परत चढवायचा. उरलेला उन्हाळा आणि पावसाळा तिच्यावर निघाला. दहातून एखाद्या वेळी तीही दगा द्यायची.

डेबियनची तारीख आधीपासून ठरलेली नसते. गंभीर दोष निस्तरले की मग सोडतात. डेबियन 13 आलं 9 ऑगस्ट 2025 ला. मी दिवाळीपर्यंत थांबलो, दुसऱ्यांच्या मशीनवर काय होतं ते पाहत. त्यात कर्नल 6.12 आहे. अपग्रेड केलं, स्क्रिप्ट काढून टाकली, झाकण लावलं, उघडलं. नेटवर्कची यादी भरलेली. त्यानंतर एकदाही गेलं नाही, आणि बायकोने त्यावर चकार शब्द काढला नाही, तक्रार मात्र लगेच काढते.

नवी कटकट एक आहे. 13 मध्ये टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, डिस्कऐवजी रॅममध्ये गेलं आहे, अर्ध्या रॅमपर्यंत जागा घेऊ शकतं, आणि रिस्टार्ट झालं की रिकामं. रिलीज नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. 8 जीबीवाल्यांनी मोठे व्हिडिओ तिथे उतरवू नका, एवढंच.

विंडोजवाचून अडतं ते फक्त डिजिटल सहीचं टोकन, ते पेनड्राइव्हसारखं लावायचं असतं. ते माझ्याकडे लिनक्सवर चाललं नाही, म्हणून मनीषनगरला मेहुण्याकडे जातो. त्याचा लॅपटॉप अजून विंडोज 10 वरच आहे, वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अपडेटवर. ती मुदत 13 ऑक्टोबर 2026 ला संपते. नवा घ्यायच्या आधी मशीन आठवडाभर माझ्याकडे दे, असं त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे. मग टोकन कुठे लावायचं ते तेव्हा पाहू.