पेशवाई वाड्याचं वार्षिक सदस्यत्व: पावसाळा ते रंगपंचमी

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला पेशवाई थीमचं एक हॉटेल आहे. तिथले कर्मचारी पेशवेकाळातली पात्रं होऊन पाहुण्यांना एका गोष्टीत सामील करून घेतात. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही त्याचं वार्षिक सदस्यत्व घेतलं. आता रंगपंचमी उलटली, बऱ्याचदा राहून झालं, म्हणून सविस्तर लिहिते. नाव देत नाही, कारण मुद्दा एका हॉटेलापुरता नाही.

दोन रात्रींचं पॅकेज जोडप्याला साधारण ६०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एवढ्या पैशांत नाशिकमध्ये उत्तम पंचतारांकित खोली मिळते. तरी माणूस इथे येतो, ते आपल्याला कोणीतरी गोष्टीत घेईल आणि आपण काही केलं तर ती गोष्ट पुढे सरकेल, या भरवशावर.

वास्तू सुरेख आहे. देवडी, चौक, सागवानी खांब, सगळं मन लावून केलंय. खोल्या स्वच्छ, गरम पाणी कायम, पुरणपोळी उत्तम. त्याबद्दल तक्रार नाही.

गोष्ट अशी आहे: पुण्याहून गंगापूरला नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंकडे निघालेला खलिता वाटेत गहाळ झालाय, तो पाहुण्यांनी शोधायचा. कल्पना मला फार आवडली, कारण गोपिकाबाई उतारवयात खरोखरच गंगापूरला येऊन राहिल्या होत्या. माझ्या सासऱ्यांना मोडी वाचता येते. खलिता हाती पडल्यावर ते चष्मा लावून कंदिलापाशी बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, यात मजकूरच नाही. नुसती मुळाक्षरं परत परत लिहिलीत." कारभाऱ्याचं काम करणाऱ्या मुलाला त्यांनी तसं विचारलं. तो क्षणभर थांबला आणि मुजरा करून म्हणाला, "आबासाहेब, शत्रूच्या हाती लागला तर कळू नये म्हणूनच तसा लिहिलाय. उकल आता आपणच करावी." आबा खुलले. पंगतीत बसल्यावरही त्यांचं तेच चाललं होतं, कोणतं अक्षर किती वेळा आलंय ते बोटांवर मोजत होते.

सकाळी पाळी बदलली. नव्या कारभाऱ्याकडे आबा आपली उकल घेऊन गेले, तर उत्तर आलं, "सर, ती ॲक्टिव्हिटी काल होती. आज तिरंदाजी आहे." आबांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

आमचे पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे बुडाले, ते या दोन उत्तरांत आलं. रात्रीच्या मुलाने सकाळच्याला चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तरी काम भागलं असतं. पुढच्या मुक्कामांतही हेच झालं. माणसं गुणी आहेत, पण आदल्या दिवशीचं दुसऱ्या दिवशी कोणाला ठाऊक नसतं. त्यात आता खलित्याचे पुढचे धागे क्यूआर कोडवर टाकलेत. मुलं वाड्यात येऊनही मोबाइलमध्येच डोकं घालून बसतात.

फ्लोरिडात डिस्नेने मार्च २०२२ मध्ये 'गॅलॅक्टिक स्टारक्रूझर' हे स्टार वॉर्सच्या दुनियेतलं हॉटेल सुरू केलं होतं. १०० खोल्या, दोन रात्रींचा मुक्काम, दोघांचे सुमारे ४,८०० डॉलर. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बंद झालं. तिथल्या कलाकारांचं पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केलं. नाराजी होती ती मुख्यतः किमतीवर आणि फोनवरच्या ॲपवर. डिस्नेला जे जमलं नाही ते इथे जमावं, असं मी म्हणत नाही. पण एवढे पैसे मोजल्यावर पाहुण्याच्या मनाला काय लागतं, ते तिथेही दिसलं.

रंगाचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. धुळवडीला पोहण्याच्या तलावाशेजारी डीजे लावून रंग खेळले. नाशिकचा रंग रंगपंचमीचा, आणि तो रहाडीतला, म्हणजे जमिनीतल्या रंगाच्या हौदातला! जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या दगडी रहाडी वर्षभर झाकलेल्या असतात. त्या दिवशी पूजा करून उघडतात, प्रत्येकीचा रंग ठरलेला. पेशवाई दाखवणाऱ्या हॉटेलाला गावातली ही जिवंत गोष्ट सुचू नये? रंगपंचमीला पाहुण्यांना गाडीने तिवंध्याच्या रहाडीवर नेऊन आणलं असतं, तरी ते आयुष्यभर विसरले नसते.

बुकिंगआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: गोष्ट दोन्ही दिवस सलग चालते का, मोबाइलशिवाय भाग घेता येतो का, आणि पॅकेजमध्ये नेमकं काय काय येतं. आमच्याकडे नौकेचे पैसे वेगळे लागले, ते काठावर गेल्यावर कळलं. शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी गर्दी कमी असते, कारभारी निवांत बोलतात.

सदस्यत्वाची मुदत जूनमध्ये संपतेय. पाळ्यांमधल्या निरोपांचं आणि रहाडीचं मी व्यवस्थापकांना लेखी कळवलंय. पहिल्यावर काही हालचाल दिसली तर पुन्हा पैसे भरू, नाहीतर नाही.