ब्राह्मीच्या कॅप्सूल: डबी उलटी करून वाचा

दुकानात ‘विसराळूपणावर काहीतरी द्या’ म्हटलं की ब्राह्मीची डबी पुढे येते. अल्झायमरच्या रुग्णाला तिचा उपयोग होतो का, हा मूळ प्रश्न; पण आधी डबी बघू. दर्शनी बाजूला पान, मेंदूचं चित्र आणि ठळक ‘५०० मिग्रॅ’. पण ५०० मिग्रॅ कशाचे, हे मागच्या बारीक अक्षरांत असतं आणि सगळी मेख तिथेच आहे.

तिथे ‘चूर्ण’ असेल तर तो वाळवून दळलेला पाला. त्याची रोजची मात्रा १ ते ३ ग्रॅम, म्हणजे अशा दोन ते सहा कॅप्सूल. ‘दिवसातून एक’ लिहिलेली चूर्णाची कॅप्सूल मग कशाला घ्यायची? सुटं चूर्ण स्वस्त पडतं.

‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे अर्क असेल तर बॅकोसाइडचे, म्हणजे ब्राह्मीतल्या मुख्य गुणकारी द्रव्याचे, टक्के शोधा. नावाजलेल्या चाचण्यांत रोज ३०० मिग्रॅ अर्क १२ आठवडे दिला होता आणि त्यात बॅकोसाइड ५५ टक्के धरलं होतं, म्हणजे १६५ मिग्रॅ. २० टक्केवाल्या ५०० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये ते जेमतेम १०० भरतं. टक्केच छापलेले नसतील तर डबी परत ठेवा. आणखी एक गोम आहे: टक्के यूव्ही पद्धतीने, म्हणजे द्रावण किती अतिनील प्रकाश शोषतं त्यावरून, मोजले तर सोबतचे इतर घटकही हिशेबात येतात आणि आकडा फुगतो. एचपीएलसीने, म्हणजे घटक वेगवेगळे करून, मोजलेला कमी आकडा त्यापेक्षा भरवशाचा.

वनस्पतीचं शास्त्रीय नावही बघा. बॅकोपा मोनिएरी हवी. आपल्याकडे कुंडीत ‘ब्राह्मी’ म्हणून बहुधा मंडूकपर्णी असते: लांब देठ, गोल, कातरलेल्या कडांचं पान. बॅकोपाचं पान इवलंसं, मांसल, जवळपास बिनदेठाचं. दोन्ही औषधी आहेत, पण मंडूकपर्णीत बॅकोसाइड नसतं. बॅकोपा वाढते पाणथळ जागी, गटाराच्या कडेलाही, आणि तिथलं शिसं, कॅडमियम शोषून घेते. म्हणून जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागायचा. देत नसतील तर तेही उत्तरच.

रिकाम्या पोटी घेतली की मळमळ, पोटात मुरडा, दोन-तीनदा शौचाला जाणं, हे नेहमीचं. यातली सॅपोनिन ही साबणासारखी फेसाळ द्रव्यं आतड्याला झोंबतात. नाश्त्यानंतर द्या, पहिला आठवडा अर्धी मात्रा. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण कॅप्सूल गालात धरून ठेवतात किंवा चावतात, मग तोंड कडूजहर होतं आणि पुढची गोळी घ्यायलाच नकार. कंपनीची हरकत नसेल तर कॅप्सूल उघडून गूळ-तुपात कालवून द्यावी.

आधीच डोनेपेझिल ही अल्झायमरवरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही जोड देऊ नये. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने जाऊन नाडी मंदावू शकते, जुलाबही वाढतात.

आता मूळ प्रश्न: अल्झायमरवर? त्या चाचण्या मुख्यतः धडधाकट माणसांवर झाल्या, काहींत आठवणीच्या कसोट्यांत थोडी सुधारणा दिसली. त्यावरून रुग्ण सुधारेल असं म्हणता येत नाही. गिंको या झाडाच्या अर्काची तर मोठी परीक्षा झाली: अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर, रोज २४० मिग्रॅ. २००८ साली निकाल आला, स्मृतिभ्रंश टळला नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत गिंकोने रक्तस्रावाची भीती.

वनस्पतीतून आलेलं आणि अल्झायमरवर मान्यता असलेलं औषध हवंच असेल तर ते गॅलँटामाइन. स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातलं हे द्रव्य १९५०च्या दशकात बल्गेरियात औषध म्हणून पुढे आलं. तेही लक्षणं काही काळ सावरतं, रोग थांबवत नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं आणि मात्रा हळूहळू वाढवावी लागते.

टक्के आणि अहवाल दोन्ही असलेल्या ब्राह्मी अर्काला पाचपैकी अडीच, चूर्णाच्या कॅप्सूलला एक. खरेदीआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. विसरभोळेपणा कधी कधी तिथूनही येतो. बारा आठवड्यांत घरच्यांना फरक जाणवला नाही तर दुसरी डबी आणू नये.