पात्यावर 'डी२' कोरलं म्हणजे पातं डी२ चं होत नाही

घडीचा चाकू ऑनलाइन घेणार असाल तर हे वाचा आणि मग पैसे भरा. 'डी२ स्टील, ६० एचआरसी' (एचआरसी म्हणजे पोलादाच्या कडकपणाचं रॉकवेल माप) असं छातीठोकपणे लिहून मला सत्तावीसशे रुपयांना जे पातं विकलं गेलं, त्यात डी२ होतं ते लेझरने कोरलेल्या अक्षरांपुरतंच.

मी भोसरीत टूलरूमला काम करतो. डी२ आमच्या रोजच्या हाताखालचं. प्रेस टूलचे पंच, डाय, म्हणजे पत्रा कापायची-दाबायची अवजारं, यासाठी तेच लागतं. जुने लोक त्याला अजून 'हाय कार्बन हाय क्रोम' म्हणतात. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन, बारा टक्के क्रोमियम, वर थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. नीट पाणी दिलं, म्हणजे तापवून-थंड करून कडक केलं, तर ६० एचआरसीला सहज पोचतं, धार टिकवतं, पण धार लावताना घाम काढतं. इथेच पहिली शंका आली. हा चाकू घरच्या साध्या दगडावर चार हात मारताच केस कापायला लागला, आणि पार्सलच्या प्लास्टिक पट्ट्या कापल्या की पुन्हा बोथट. धारेवरून अलगद नख उतरवलं तर एका अंगाला वळलेली कड नखाला अडकायची. डी२ सहसा असं वळत नाही. त्याची धार बिघडते तेव्हा बहुधा बारीक टवके उडतात.

दुसरी खूण कैरीने दिली. बारा टक्के क्रोमियम असूनही डी२ पुरतं स्टेनलेस नाही, कारण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कार्बाइडच्या कठीण कणांत अडकतं आणि गंज रोखायला मोकळं कमी उरतं. कैरी चिरून पातं न पुसता रात्रभर ठेवलं तर डाग पडायला हवेत. माझं सकाळी लखलखीत. एरवी खूश झालो असतो!

विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर तयारच होतं: "सर, मॅग्नेट लावून बघा, चिकटला म्हणजे ओरिजिनल." ही थाप लक्षात ठेवा. पाणी देऊन कडक करता येणारी पात्यांची सगळी नेहमीची पोलादं चुंबकाला चिकटतात, स्वस्तातलं ४२० नावाचं स्टेनलेस सुद्धा. मग त्याने 'टेस्ट सर्टिफिकेट' पाठवलं. कागद बहुधा खरा असेल, पण त्यावर मालाचं वर्णन होतं चाळीस मिलिमीटरचा राउंड बार. तीन मिलिमीटरचं पातं, आणि सर्टिफिकेट राउंड बारचं! हीट नंबरच्या, म्हणजे पोलाद कुठल्या वितळणीतलं ते सांगणाऱ्या आकड्याच्या, जागी पांढरा पट्टा.

ओळखीच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे पात्याच्या मुळाशी, जिथे दोन्ही बाजू समांतर असतात, तिथे रॉकवेल मारून, म्हणजे कडकपणा मोजून घेतला. ५२ एचआरसी. पण एवढ्यावर भांडता येत नाही. अस्सल डी२ ला पाणी चुकीचं दिलं तरी आकडा खाली येतो. म्हणून लॅबमध्ये स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय किती आहे याची तपासणी, करून घेतलं. कार्बन ०.३ च्या घरात, क्रोमियम १३, मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम जवळपास नाहीच. म्हणजे ४२० किंवा चिनी ३सीआर१३ च्या जातीचं. कोणी हातातली एक्स-रे गन लावून 'क्रोमियम बरोबर आहे' म्हणालं तर फसू नका. त्या गनला कार्बन दिसत नाही आणि क्रोमियम दोन्हींत जवळपास सारखंच, तेव्हा मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमचे आकडे मागा.

मऊ स्टेनलेसवर माझा राग नाही. व्हिक्टोरिनॉक्सचं पातंही ५६ एचआरसीच्या आसपासचंच असतं; गंजत नाही, मिनिटात धार घेतं, आणि कंपनी त्याला दुसरं काही म्हणवत नाही. खिशात ठेवून फळं, दोऱ्या, खोकी कापायला एवढं पुरतं. दमट कोकणात तर मी डी२ पेक्षा तेच सुचवेन, नाहीतर स्वीडिश १४सी२८एन हे स्टेनलेस. प्रश्न आहे तो तीनशेच्या मालाला सत्तावीसशे घेण्याचा.

'दमास्कस', म्हणजे थरांच्या पोलादाच्या लाटदार नक्षीच्या, पात्यांचाही हाच धंदा चालतो, लाटा नुसत्या लेझरने छापायच्या. पाठीच्या कडेवर बघा: खऱ्या थरांच्या रेषा तिथूनही जातात. शंका असेल तर कोपरा पॉलिश पेपरने घासा आणि त्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. सर्किट बोर्डासाठी वापरतात तेच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. खरी नक्षी पुन्हा उठते, छापलेली कायमची जाते.

परतीची मुदत रिपोर्ट येईपर्यंत संपली होती. विक्रेत्याने आधी 'हे इम्पोर्टेड डी२ आहे' सांगितलं, मग ब्लॉक केलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट आणि लॅबचा रिपोर्ट सगळं जोडलं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधीच काढून ठेवा, कारण माझी जाहिरात तक्रारीनंतर गायब झाली. तोच हिरव्या मुठीचा फोटो आता दुसऱ्या दुकानाच्या नावाने फिरतोय, आणि पात्यावर कोरलंय १४सी२८एन.