आईच्या बटणांच्या फोनसाठी गूगल व्हॉइस: वर्षभराचा अनुभव

माझी आई वाईला गणपती आळीत एकटी राहते. वय ८१. तिच्याकडे बटणांचा साधा मोबाइल आहे आणि माजघरात जुनी लँडलाइन. मी न्यू जर्सीत, एडिसनला. रोज बोलायचंच हा आम्हा दोघींचा नेम, आणि गेलं वर्षभर तो मी गूगल व्हॉइसवर पाळते आहे. ही गूगलची सेवा: मी इंटरनेटवरून फोन लावते, तिकडे आईचा साधा फोन वाजतो. ज्यांच्या घरी असंच साधा फोन वापरणारं कुणी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते.

व्हॉट्सअ‍ॅप फुकट असताना पैसे कशाला, असं मला सगळे विचारतात. स्मार्टफोन घेऊन दिला होता. आईची बोटं कोरडी पडली आहेत, ते हिरवं बटण वर सरकवणं तिला जमेना. फोन वाजून वाजून बंद पडायचा आणि ती बिचारी रडकुंडीला यायची. त्यात कधी पॅक संपलेला, कधी लाईट गेली म्हणून राऊटर बंद. बटणांचा फोन एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला लागत नाही. ८१व्या वर्षी तिने आपल्यासाठी नवं यंत्र शिकावं हा हट्ट मला पटत नाही. सोय आपण करायची.

मी १९९९ साली इथे आले तेव्हा थेट फोन लावला तर दहा मिनिटांचे सहा-सात डॉलर जायचे. म्हणून ओक ट्री रोडवरच्या दुकानातून डाळ-तांदळाबरोबर परदेशी फोन लावायचं पाच डॉलरचं कार्ड आणायचं, नाण्याने पिन खरवडायचा, आधी इथला नंबर, मग पिन, मग ०११ ९१ आणि घरचा नंबर. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एका कार्डावर तीन तास असं ठळक छापलं होतं, ते सव्वा तासात संपलं. फोन लागल्याचे वेगळे पैसे, आठवड्याचे वेगळे पैसे, ही सगळी कापाकापी मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत. बाबा दवाखान्यात होते, डॉक्टर काय म्हणाले ते आई सांगत होती आणि मध्येच फोन तुटला. दुसरं कार्ड घरात नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही.

पुढे स्काइपमध्ये पैसे भरून बरीच वर्षं निभावली. मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं, आणि मी इकडे वळले.

खातं उघडायला अमेरिकेतला एक चालू नंबर लागतो. मग गूगल आपल्याला आणखी एक नंबर देतं, मी ७३२चा, म्हणजे आमच्याच भागातला, घेतला. अमेरिकेतल्या अमेरिकेत बोलणं फुकट. भारतासाठी आधी पैसे भरून ठेवायचे, कमीत कमी १० डॉलर. मला मिनिटाला १ सेंट पडतो, म्हणजे १० डॉलरची हजार मिनिटं. आम्ही रोज साधारण २५ मिनिटं बोलतो, तर चाळीस दिवस निघतात. वीस सेकंद बोललात तरी मिनिट पूर्ण धरतात, पण वेगळा आकार कसलाच कापलेला मला आढळला नाही. लँडलाइनला लावताना कोडमधलं शून्य गाळायचं: ९१ २१६७ आणि पुढे नंबर. पहिल्या रात्री मी शून्यासकट लावत बसले होते.

पण मला खरी किंमत वाटते ती नंबराची. मध्यंतरी एक स्वस्त अ‍ॅप वापरून पाहिलं, त्यावरून आईला दर वेळी वेगळाच नंबर दिसायचा. डिजिटल अरेस्टच्या बातम्या ऐकल्यापासून ती अनोळखी नंबर घेतच नाही, आणि ते बरोबरच आहे. आता तिला एकच नंबर दिसतो. शेजारच्या वहिनींनी तो तिच्या फोनमध्ये माझ्या नावाने घालून दिला आणि लँडलाइनच्या वर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून चिकटवला. वर्षभरात तीनदा भलताच नंबर दिसला, तेव्हा तिने उचलला नाही. मी परत लावला.

मागच्या महिन्यात बोलता बोलता आई म्हणाली, "थांब गं, दूध उतू जाईल," आणि रिसीव्हर तसाच बाजूला ठेवून आत गेली. पूर्वी ती असं कधी करत नसे. "बिल येईल, ठेव आता," हेच तिचं पालुपद असायचं. मी कान लावून ऐकत राहिले. गॅसचं बटण, झाकणाचा आवाज, मांजराला हाकललं ते, मग पाटावरून उठताना तिने घेतलेलं देवाचं नाव. तीन-चार मिनिटं गेली असतील. ती परत आली आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागली.

अडचणी आहेत. कधीकधी आवाज जरा उशिरा पोचतो आणि दोघींचं बोलणं एकावर एक येतं. त्यावरून ९११, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर, लावता येत नाही, तेव्हा नेहमीचा फोन ठेवायलाच हवा. बरेच दिवस वापरला नाही तर नंबर काढून घेतात. शारजातल्या माझ्या भावाला याचा काही उपयोग नाही. अमेरिकेचा नंबर नाही म्हणून खातं उघडता येत नाही, आणि तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. तो रविवारी साध्या फोनवरूनच बोलतो.

आत्ता माझ्या खात्यात ४ डॉलर २० सेंट आहेत. गौरी येईपर्यंत पुरतील.