यू-हॉलची टो डॉली: संकेतस्थळ 'हो' म्हणालं तरी टेप घ्याच

मोटरहोममागे, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीमागे, छोटी गाडी न्यायची, तर अमेरिकेत सहज भाड्याने मिळते ती यू-हॉल कंपनीची टो डॉली: गाडीची पुढची दोन चाकं उचलून तिला ओढणारा छोटा दोनचाकी ट्रेलर. बुकिंग करताना दोन्ही वाहनांची माहिती विचारतात आणि जोडी जमते की नाही ते सांगतात. चाळणी चांगली आहे, पण ती कागदावरच्या गाडीची. तुमच्या गाडीला नंतर बसवलेली रुंद टायरं किंवा बंपरखालची जादा पट्टी तिला कुठून कळणार?

म्हणून आधी टेप घ्या. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. ते डॉलीच्या दोन फेंडरांमध्ये (चाकांवरच्या मडगार्डमध्ये) मावलं पाहिजे. मग आतल्या कडांमधलं. गाडी फार अरुंद असेल तर टायरची आतली कड पॅनच्या, म्हणजे डॉलीवर टायर बसतं त्या तबकाच्या, बाहेर लटकते आणि टायर आवळणारा पट्टा तिरका बसतो. तिसरं माप बंपरचं. टायरच्या पुढे तो जितका लांब आणि खाली, तितका रॅम्पवर घासणार. रॅम्पच्या तोंडाशी जाड फळ्या ठेवल्या की चढ सौम्य होतो आणि बऱ्याच सेडान सुटतात. नाक वर गेलं की शेपूट खाली येते, तेव्हा लांब शेपटीच्या गाडीचा मागचा बंपरही बघून घ्या.

वजनात घोळ होतो तो डॉली मोजायची विसरल्याने. रिकामी डॉलीच सुमारे 750 पौंडांची. मोटरहोमच्या हिचवर (मागच्या ओढण्याच्या जोडावर) 3,500 पौंड लिहिलं असेल आणि गाडी 3,000 ची, तर गणित तिथेच फसलं. गाडीचं कर्ब वेट, म्हणजे माणसं-सामानाविना वजन, मॅन्युअलमध्ये बघा; दाराच्या चौकटीवरचा आकडा बहुधा पूर्ण भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा असते. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर तोलली तर वादच नको.

फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं ती, गाडी सर्वांत सोपी. रिअर व्हील ड्राइव्ह (मागची चाकं फिरवणारी) असेल तर मागच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा, ड्राइव्हशाफ्ट, सोडवावा लागतो, नाहीतर न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा आतला भाग तेलाविना फिरत राहतो. ऑल व्हील ड्राइव्हला (चारही चाकं फिरवणारीला) सरळ चारही चाकं उचलणारा ट्रेलर घ्या. मागच्या चाकांना वेगळी विजेची मोटर असलेल्या हायब्रिडमध्ये तर सोडवायला शाफ्टच नसतो.

सर्वांत महागात पडतो तो पार्किंग ब्रेक. काही नव्या गाड्यांत इंजिन बंद केलं की इलेक्ट्रॉनिक ब्रेक आपोआप लागतो. मागची चाकं घासत जातात, टायर सपाट होतो, ड्रम तापतो, आणि मोटरहोमच्या ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. हा ब्रेक हाताने सोडता येतो का, हे मॅन्युअलमध्ये वाचा. मग निघण्याआधी दहा-बारा फूट ओढून मागची चाकं फिरताहेत का, ते कोणाला तरी बघायला सांगा. स्टिअरिंग लॉक ठेवायचं की मोकळं, हे डॉलीच्या रचनेवर ठरतं, तेव्हा सोबतची सूचना पाळा.

पट्टे पहिल्या पाच मैलांनंतर पुन्हा आवळा, टायर पॅनमध्ये बसलं की ते सैल पडतातच. वेगमर्यादा ताशी 55 मैल. रिव्हर्स घ्यायचाच नाही: मोटरहोम, डॉली आणि गाडी ही दोन ठिकाणी वाकणारी साखळी क्षणात आडवी होते. पेट्रोल पंपावर आरपार जाणारीच लेन धरा.

एकदाच सामान हलवायचं असेल तर चार तारे. महिनोन्महिने फिरणाऱ्यांना दोनच. त्यांनी स्वतःची, ब्रेक असलेली डॉली घ्यावी, आणि कॅम्पसाइटवर ती ठेवायची जागा मिळेल का, हे आधी विचारावं.