जुन्या एचएमटी मिलिंगला सीएनसी कंट्रोल : एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

हाताने चालणाऱ्या आमच्या जुन्या मिलिंग मशीनला आम्ही सीएनसी, म्हणजे संगणकाने चालवणारा, कंट्रोल बसवला. कंट्रोल कुठला बसवलात, असं मशीन बघायला येणारा प्रत्येकजण आधी विचारतो. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. मागच्या दसऱ्याला पूजा करून चालू केलेलं हे मशीन अख्खा पावसाळा काढून, चवथीच्या सुट्टीनंतरही पहिल्याच दिवशी बिनतक्रार कामाला लागलं. त्याचं श्रेय कंट्रोलपेक्षा खालच्या बिडाला (ओतीव लोखंडाला) आणि वायरिंगला जास्त आहे, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

मशीन एचएमटीचं, व्हर्टिकल हेडचं, नी टाइप, म्हणजे टेबल पेलणारा खालचा भाग (नी) वर-खाली होणारं. गोव्यात डिचोली परिसरात खाणींच्या जिवावर उभी राहिलेली वर्कशॉप्स पुष्कळ होती. टिपर, बार्ज, क्रशर यांची कामं असायची. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि कित्येकांनी कायमचं शटर ओढलं. अशाच एका शेडमधून हे मशीन भंगाराच्या भावाने निघालं. इतकी वर्षं मुरलेलं बीड वजनावर विकलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याच पैशात येणारं नवं हलकं सीएनसी स्टीलवर जोराचा कट घेताना थरथरतं. हे जागचं हलत नाही.

मुख्य काम स्लाइडचं, म्हणजे टेबल ज्यांवरून सरकतं त्या पृष्ठभागांचं. आमच्या जुन्या मेस्तांनी (कारागिरांनी) ब्लू, म्हणजे उंचवटे दाखवणारा निळा रंग, लावून, टेबल पुन्हा पुन्हा उचलून, टेबलाखालच्या सॅडलच्या झिजलेल्या जागा हाताने स्क्रेप केल्या (खरवडून सपाट केल्या), गिब, म्हणजे स्लाइडमधली फट भरणाऱ्या पट्ट्या, नव्याने बसवल्या. स्क्रेपिंग झालेल्या पट्टीवर तेल टाकून टेबल नुसतं तळहाताने ढकललं तर ते सुरुवातीला अडत नाही आणि मध्येच झटका देत नाही. मोटर बसवण्याआधी ही अवस्था आलीच पाहिजे. आधी अडून मग एकदम सुटणारी स्लाइड सर्वो मोटरलाही नीट सांभाळता येत नाही.

टेबल सरकवणारे जुने ट्रॅपेझॉइडल स्क्रू एक्स आणि वाय या दोन्ही आडव्या अक्षांवरून काढले. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशचा, म्हणजे स्क्रू आणि नटमधल्या मोकळ्या जागेचा, आकडा टाकून भागतं, असं बरेच जण सांगतात. हाताने काम करणारा नेहमी एकाच बाजूने मापावर येतो, म्हणून त्याचं भागतं. संगणक टेबल गोल फिरवतो तेव्हा कटर टेबलाला त्या मोकळ्या जागेत ढकलतो आणि क्लाइंब मिलिंगमध्ये (कटरचे दात जॉब सरकतो त्याच दिशेने कापतात तेव्हा) तर ओढूनच घेतो. अशा मशीनवर अॅल्युमिनियममध्ये गोल फिरवून मोठं भोक काढा आणि घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी नख फिरवा. अक्ष तिथे दिशा बदलतो, म्हणून तिथेच पायरी लागते. आमच्याकडे ३२ मिलिमीटर व्यासाचे, ५ मिलिमीटर लीडचे (एका फेऱ्याला तेवढं सरकवणारे) बॉलस्क्रू, म्हणजे नटमध्ये गोळ्या फिरणारे स्क्रू, आहेत, सी७ ग्रेडचे. या ग्रेडमध्ये ३०० मिलिमीटरमागे ५० मायक्रॉनपर्यंत चूक चालते. ती मोजून कंट्रोलच्या कॉम्पेन्सेशनच्या (दुरुस्तीच्या) फाइलमध्ये भरता येते, कारण ती दर वेळी त्याच जागी तेवढीच असते. मोकळेपणाचं तसं नाही.

नीचा उभा स्क्रू मात्र मुद्दाम जुनाच ठेवला. नी आणि टेबल यांचं वजन तो मोकळेपणा कायम एकाच बाजूला दाबून ठेवतं, आणि हा स्क्रू स्वतःच अडून राहतो. लाईट गेली तरी नी खाली सरकत नाही. बॉलस्क्रू घातला असता तर ब्रेकवाली मोटर लागली असती आणि सगळा भरवसा त्या ब्रेकवर. याची किंमत म्हणजे झेड अक्ष संथ आहे. भरपूर भोकं असलेला जॉब आला की ते जाणवतं.

आता कंट्रोल. लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर, जुना डेस्कटॉप, त्याला मोटरच्या ड्राइव्हशी जोडणारं मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड, ७५० वॉटचे एसी सर्वो. लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या, म्हणजे एनआयएसटीच्या, ईएमसी या कंट्रोलरमध्ये आहे. २०११ मध्ये त्याचं नाव बदललं. फुकट आहे म्हणून मी ते निवडलेलं नाही. ड्राइव्ह किंवा कार्ड बदललं तरी सगळी जोडणी आपल्या हातात राहते, म्हणून निवडलं. रिअल-टाइम (वेळ न चुकवणारा) कर्नल घालून लेटन्सी, म्हणजे संगणकाला होणारा उशीर, तपासायला मात्र आळस करू नका. आणि रेट्रोफिटला, म्हणजे जुन्या मशीनला नवा कंट्रोल बसवण्याला, दुय्यम समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट: एमआयटीने १९५२ मध्ये जगाला दाखवलेलं पहिलं एनसी (सीएनसीच्या आधीचं, आकड्यांनी चालणारं) मशीन हे सिनसिनाटी हायड्रोटेल नावाच्या तयार मिलिंग मशीनमध्ये बदल करूनच बनवलेलं होतं.

गोव्यात खरी परीक्षा जूनपासून. बाहेरची हवा आत ओढणारा पंखा आम्ही पॅनलला लावलाच नाही. गरजेपेक्षा मोठी, गॅस्केटवाली बंद पेटी घेतली, म्हणजे उष्णता पत्र्यातून जाते. रात्री आतला छोटा हीटर चालू राहतो. नाहीतर सकाळी शटर उघडताच दमट हवा गार पत्र्यावर घाम धरते आणि तो ड्राइव्हच्या टर्मिनलवर उतरतो. अक्षाचं टोक ओळखणारे लिमिट स्विच २४ व्होल्टवर आहेत, ५ वर नाहीत. स्पिंडलचा व्हीएफडी (गती बदलणारा ड्राइव्ह) आणि सिग्नलच्या केबली वेगळ्या मार्गाने नेल्या आहेत. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, म्हणून एप्रिल-मे मध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं ठरलेलं. संध्याकाळी कूलंट पुसून स्लाइडवर ६८ ग्रेडचं तेल. पावसाळ्यात एक रात्र जरी कूलंट राहिलं तरी टेबलावर लाल डाग दिसतात. इमर्जन्सी स्टॉप रिलेमधून थेट ड्राइव्हची पॉवर तोडतो, संगणकाला विचारत नाही. यात तडजोड नको.

कामाचं म्हणाल तर औषध कंपन्यांच्या ब्लिस्टर पॅकिंगचे चेंज पार्ट्स हे या मशीनचं सगळ्यात आवडतं काम. गोळीचा आकार बदलला की अॅल्युमिनियमची नवी फॉर्मिंग प्लेट लागते, शेकडो खिसे, सगळे सारखे. बॉटलिंग लाइनची प्लास्टिकची स्टार व्हील्सही छान होतात. ट्रॉलरच्या शाफ्टचा चावीगाळा (चावी बसायची खाच) कापायचा असेल तर मेस्त अजूनही जी-कोड (सीएनसीच्या आज्ञा) लिहीत नाहीत. हातातल्या पेंडंटचं चाक फिरवून, कान कटरकडे ठेवून काम करतात. तो पेंडंट घ्याच. त्यामुळे जुना हात आणि नवा कंट्रोल एकाच मशीनवर नांदतात.

उणीव मोठी एकच, स्पिंडलची गती. गिअरबॉक्स १८०० आरपीएमच्या पुढे जात नाही. ३ मिलिमीटरच्या कटरला तिथे मिनिटाला जेमतेम १७ मीटर कटिंग स्पीड मिळतो. अॅल्युमिनियमला त्याच्या दहापट चालतो. त्यामुळे बारीक खिशांचं काम लांबतं. हेडशेजारी वेगळा हायस्पीड स्पिंडल बसवायचा ब्रॅकेट आता कापायला घेतला आहे. टूल हाताने बदलावं लागतं, पण टूलची लांबी मोजणारा टूल सेटर लावल्यापासून त्याचा त्रास उरला नाही.

एकच पार्ट हजारांनी काढायचा असेल तर सरळ टूल चेंजरवालं व्हीएमसी (तयार उभं सीएनसी मिलिंग मशीन) घ्या. दुरुस्ती, एकेक नग, लहान लॉट असं काम असेल आणि स्क्रेपिंग जाणणारा माणूस जवळ असेल तर मात्र रेट्रोफिट करा. तो माणूस आधी शोधा, मशीन नंतर.